न मिळालेला आठवा अंक

लग्न होऊन कर्जतच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले तेव्हा मला विसावं लागलं होतं. सकाळ कामात निघून जायची, संध्याकाळी स्वयंपाक असायचा, पण मधले चार तास माझ्या अंगावर यायचे. पेणला माहेरी इंग्रजी तिसरीपर्यंत शिकून माझी शाळा सुटली होती, आणि इंग्रजी अक्षरओळखीपुरतंच उरलं होतं. इथे घरात वाचायला एक पंचांग आणि यांच्या खात्याचं नियमांचं पुस्तक, एवढंच. ते नियमांचं पुस्तक मी दोनदा वाचून काढलं. कळलं काहीच नाही, पण वाचलं.

हे घाटातल्या इंजिनावर असिस्टंट होते. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबायची, तिला मागून ढकलायला विजेचं इंजिन लागायचं आणि मगच ती घाट चढायची. लढाईचे दिवस होते. मिलिटरीच्या गाड्या वेळी-अवेळी यायच्या. गोरे सोल्जर खिडक्यांत पाय वर घेऊन बसायचे, आणि इंजिन लागेपर्यंत कंटाळून हातात असेल ते बाहेर भिरकावायचे. असंच एक पातळ रंगीत पुस्तक यांना रुळांमध्ये सापडलं.

"घे, फळीवर अंथरायला होईल," म्हणून त्यांनी ते माझ्यापुढे टाकलं.

वर चित्र होतं. आखूड केसांची एक बाई विमानाच्या पंखावर उभी होती, तिच्या मागे आग लागलेली होती, आणि ती आगीकडे बघतसुद्धा नव्हती. कोपऱ्यात सातचा आकडा होता. ते मी फळीवर अंथरलं नाही.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये गार्डसाहेबांच्या पत्नी राहायच्या. मी त्यांना काकू म्हणायची. पन्नाशीच्या, कडक सोवळ्याच्या, आणि कुणाच्या घरात काय शिजतंय ते वासावरून सांगणाऱ्या. त्यांनी ते पुस्तक दोन बोटांत धरून उलटसुलट केलं. प्रत्येक पानावर चौकोन, चौकोनांत माणसं, माणसांच्या तोंडातून पांढरे फुगे निघालेले आणि फुग्यांत इंग्रजी.

"हे चौकोन वरून खाली वाचायचे," काकूंनी ठरवून टाकलं. आम्ही तसेच बघत गेलो, तर बाई आधी पडायची आणि मग विमानात बसायची. काकूंना त्यात काही गैर वाटलं नाही. "गोऱ्यांचं उलटंच असतं सगळं," त्या म्हणाल्या.

खरं वाचायला शिकवलं ते नर्सबाईंनी. त्या दवाखान्यात होत्या, मुंबईला शिकून आलेल्या, पस्तिशीच्या आणि एकट्याच. दुपारी दवाखाना बंद झाला की जेवून तासभर आमच्याकडे टेकायच्या. त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि डावीकडून उजवीकडे बोट फिरवत सरळ मराठीत सांगायला लागल्या. त्या बाईचा होणारा नवरा समुद्रावर विमानासकट हरवला होता. सरकार त्याला शोधायला तयार नव्हतं. म्हणून ती एक जुनं विमान आणि एक म्हातारा मिस्त्री घेऊन निघाली होती. सातव्या अंकाच्या शेवटी विमान जंगलात कोसळलं, आणि मिस्त्री पंखाखाली अडकला. तिथे पुस्तक संपलं.

"संपलं म्हणजे?" काकू म्हणाल्या.

"पुढचं पुढच्या अंकात. ही मालिका असते. कॉमिक म्हणतात याला."

"हा कुठला न्याय? माणूस पंखाखाली, आणि पुढच्या अंकात?"

त्या दिवसापासून मी यांच्या मागे लागले. रुळांत बघा, डब्यांत बघा, लोणावळ्याला बघा. यांनी सफाईवाल्यांना सांगून ठेवलं. पंधरा दिवसांत दुसऱ्याच कुठल्या कुठल्या मालिकांची सहा पुस्तकं आली, ती आम्ही नावं ठेवत वाचली. एकात नुसत्या मारामाऱ्या होत्या, एकात बोलणारी जनावरं. काकूंना जनावरं आवडली, पण तसं त्या कबूल करत नव्हत्या. आणि मग एका शनिवारी आमच्या बाईचा अंक आला. आठवा नव्हे, नववा.

नवव्याच्या पहिल्याच चौकोनात ती नदीवर एका होडक्यात एकटी बसलेली होती. डोक्यावर मिस्त्रीची कातडी टोपी. मिस्त्री कुठेच नव्हता. पान उलटलं, आणखी उलटलं. सबंध अंकात कुणी त्याचं नावही काढत नव्हतं.

त्या दुपारी आमच्यात चौथी वाचक होती. कडावहून दूध घेऊन येणारी मावशी. रतीब घालून झाला की ऊन उतरेपर्यंत ती आमच्या ओटीवर बसायची. तिला मराठीही वाचता येत नव्हतं, पण चित्रं ती अशी बघायची, जशी घ्यायच्या आधी म्हैस बघावी. पुढून, मागून, खुरापासून.

"म्हातारा मेला," नर्सबाई म्हणाल्या. "टोपी तिच्याकडे आहे, म्हणजे गेला तो."

"मेला कशाला? हिनेच सोडलं असेल त्याला," काकू म्हणाल्या. "नवरा होण्याआधीच नवऱ्याला शोधायला निघालेली बाई. तिला म्हाताऱ्याचं काय?"

मला दोन्ही पटत नव्हतं. मला फक्त कळायला हवं होतं. मधलं एक पुस्तक कुठेतरी होतं, कुणीतरी ते वाचून फेकून दिलं होतं, आणि मी इथे बसून अंदाज करत होते. याचा मला राग येत होता.

मावशीने दोन्ही अंक मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "त्यो म्हातारा मेला नाय गं."

"कशावरून?"

"टोपीचा बंद बगा. सातव्यात तुटका हाय, लोंबतोय. नवव्यात शिवलाय. हिला शिवता येत नाय, हिची बाही बगा, टाचनी लावलीय. म्हंजे म्हाताऱ्यानंच शिवला. मरताना कोन टोपी शिवत बसतं?"

आम्ही तिघी पुस्तकावर वाकलो. बंद खरंच शिवलेला होता. काळ्या शाईचे बारीक चार टाके.

"चित्र काढणारा विसरला असेल," नर्सबाई म्हणाल्या.

"इसरल कसा? बाकी समदं ध्यानात ठेवलंय त्यानं. टाचनी बी ठेवली."

"अहो मावशी, तो दिसत नाही, त्याची खबर नाही, कुणी त्याच्याबद्दल बोलत नाही. म्हणजे तो मेला. एवढं सरळ आहे. लोकांना उगाच आशा लावायची खोड असते."

"मी कुनाला आशा लावत नाय बाय. मी टाके बगतेय."

"टाके!" नर्सबाईंचा आवाज चढला. "तीन तीन वर्षं माणसाचं पत्र नाही, आणि तुम्ही टाके बघा!"

त्या गोष्टीत कुणी कुणाला पत्र लिहीत नव्हतं. नर्सबाई उठल्या, चपला घातल्या आणि भर उन्हात निघून गेल्या. त्यांची इंग्रजी-मराठी छोटी डिक्शनरी ओटीवरच राहिली.

त्या गेल्यावर काकूंनी मला सांगितलं. नर्सबाईंचा धाकटा भाऊ मिलिटरीच्या हॉस्पिटलात कंपाउंडर होता. मलायात गेला. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यापासून त्याचा पत्ता नव्हता. म्हातारी आई खालापूरला एकटी राहायची आणि रोज त्याच्यासाठी भात जास्त टाकायची. नर्सबाई सुट्टीवर गेल्या की आईशी भांडायच्या, की आता पुरे. काकूंना हे सगळं माहीत होतं, आणि तरी त्या "हिनेच सोडलं असेल त्याला" म्हणाल्या होत्या. "तोंडातून गेलं गं माझ्या," असं त्या दोन-तीनदा म्हणाल्या.

नर्सबाई यायच्या थांबल्या. दहावा अंक आला, बारावा आला. मी डिक्शनरी घेऊन बसायची आणि एकेक फुगा फोडायची. एका पानाला दीड तास लागायचा. भात दोनदा करपला. यांनी न बोलता खाल्ला, पण ताटात करपलेला भाग बाजूला काढून ठेवला, तो मला दिसेल असा. मी रात्रंदिवस मनात आठवा अंक लिहीत होते. एकदा म्हातारा मरायचा, एकदा जगायचा, एकदा तीच त्याला नदीत ढकलायची. कुठलाच खरा वाटेना. गाडीची शिट्टी झाली की वाटायचं, आत्ता या गाडीत कुणाच्या तरी पिशवीत तो असेल आणि तो घाट चढून जाईल.

एका सकाळी, थंडीचे दिवस होते, मिलिटरीची गाडी लागल्याचं खिडकीतून दिसलं. मी लुगडं नीट केलं, सातवा आणि नववा पदराखाली घेतला आणि सरळ स्टेशनात गेले. क्वार्टरमधल्या बायका स्टेशनात जात नसत असं नाही. पण सोल्जरांच्या गाडीपाशी, एकटी, कामाशिवाय, अशी कुणी गेलेली नव्हती.

मी वाक्य पाठ केलं होतं. पहिल्या खिडकीपाशी थांबून मी दोन्ही पुस्तकं वर धरली आणि म्हणाले, "प्लीज, नंबर एट?"

आत एकदम हशा झाला. कुणी शीळ घातली. कुणी चॉकलेट फेकलं, ते माझ्या पायाशी पडलं, मी ते उचललं नाही. पुढची खिडकी. "प्लीज, नंबर एट?" एकाने वर्तमानपत्र दिलं. एकाने माझी नक्कल केली. माझे कान तापले होते, पाय मागे जायला बघत होते, पण आता इतकं झाल्यावर परत जाणं आणखी वाईट होतं. पाचव्या की सहाव्या खिडकीत चष्मा लावलेला एक किडकिडीत सोल्जर होता, हाताला बँडेज. त्याने पुस्तकं मागून घेतली. चाळली. मग तो हसला, पण वेगळं हसला, ओळखीचं कुणी भेटल्यासारखं, आणि दार उघडून खाली उतरला.

अंक त्याच्याकडे नव्हता. पण त्याने तो वाचलेला होता.

तो बोलायला लागला. भरभर बोलायचा, माझं तोंड बघून थांबायचा, मग सावकाश बोलायचा. मला अर्धंमुर्धं कळलं. त्याने म्हाताऱ्याच्या चित्रावर बोट ठेवलं. "नॉट डेड." ते कळलं. मग म्हणाला, "ही स्टेज बिहाइंड." ते कळलं नाही. मी मान हलवली. त्याने पुन्हा म्हटलं आणि दोन्ही तळवे फलाटाच्या फरशीकडे दाबल्यासारखे केले. इथे. मग त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवून आणखी काहीतरी म्हटलं आणि चष्मा काढून पुसला. मागे इंजिन लागल्याचा धक्का बसला. डब्यातून कुणीतरी त्याच्यावर ओरडलं. पुस्तकं माझ्या हातात देऊन तो चढला.

गाडी हलली. डबे सरकत गेले आणि शेवटी ढकलणारं इंजिन आलं. त्या इंजिनाच्या खिडकीत हे होते. फलाटावर मी, हातात दोन पुस्तकं. आमची नजरानजर झाली आणि इंजिन पुढे गेलं.

ते लोणावळ्याहून परत येईपर्यंतचे तास मी कसे काढले ते सांगता येणार नाही. घरातली सगळी भांडी घासली. पुन्हा घासली. हे आले, हातपाय धुतले, पाटावर बसले.

"स्टेशनमास्तरांनी मला विचारलं," ते म्हणाले. "तुमच्या मंडळी सोल्जरांकडे काय मागत होत्या म्हणून."

मी ताटात भात वाढला.

"मी काय सांगायचं त्यांना?"

"आठवा अंक म्हणून सांगायचं."

ते रागावले होते, आणि त्याहून जास्त लाजले होते, ते मला दिसत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "मग? म्हातारा मेला का?"

माझ्या माघारी ते सगळे अंक बघत होते, हे मला तेव्हा कळलं.

"नाही मेला," मी म्हणाले.

"तरीच. बंद शिवलेला होता." त्यांनी भात कालवला. "पुन्हा जाऊ नकोस. मला सांग, मी विचारीन."

दुसऱ्या दिवशी डिक्शनरी परत द्यायच्या निमित्ताने मी दवाखान्यात गेले. नर्सबाई सुया उकळत होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की आठवा वाचलेला माणूस भेटला.

त्यांचा हात थांबला. "काय म्हणाला? जसंच्या तसं सांग."

"नॉट डेड म्हणाला. आणि ही स्टेज बिहाइंड. म्हणजे नाटकाचं स्टेज का हो?"

"नाही गं." त्या खुर्चीवर बसल्या. "म्हणजे मागे राहतो. ती पुढे जाते आणि तो तिथेच राहतो."

"हां. त्याने हात असे केले."

"आपणहून राहतो, की ती सोडून जाते?"

"ते नाही कळलं."

"आणि आणखी काय म्हणाला?"

मी छातीवर बोट ठेवून दाखवलं आणि ऐकू आलेला आवाज काढून दाखवला. "आय वुड टू" असं काहीसं.

"मीही राहिलो असतो," नर्सबाईंनी अर्थ सांगितला. सुयांचं पाणी उतू गेलं तरी त्या उठल्या नाहीत. "म्हणजे जिवंत असून येत नाही. हे मरण्यापेक्षा वाईट नाही का गं?"

मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. मीच ती बातमी पळत पळत आणली होती. परत येताना माझी मलाच चीड आली.

पण चार दिवसांनी त्या पुन्हा आल्या. काही न बोलता बारावा अंक उचलला आणि वाचायला लागल्या. मावशी ओटीवर होती. तिला आम्ही आठव्याचं सांगितलं होतं. माझं खरं ठरलं, असं ती एकदाही म्हणाली नाही. तिने एवढंच विचारलं, "मंग त्या जंगलात त्याला खायाला कोन घालतं?"

"कुणीतरी घालत असेल," नर्सबाई म्हणाल्या.

"घालत आसंल तर बरं."

काकूंचं मत मात्र बदललं नाही. "राहायचंच होतं तर टोपी कशाला दिली? टोपी देणारा माणूस परत येतो. नाहीतर ती बाई तरी परत जाते. बघाल तुम्ही." त्यावरून त्यांचं आणि माझं आठवडाभर वाजलं. माझं म्हणणं होतं, त्या बाईने परत जाऊ नये. इतकी आलीस तर पुढे जा. आणि तो होणारा नवरा सापडला नाही तरी मला चाललं असतं. हे मी बोलून दाखवलं तेव्हा काकूंनी पदर तोंडाला लावला. नर्सबाई मात्र म्हणाल्या, "तू उद्यापासून पाटी घेऊन बस माझ्याकडे." तेव्हापासून मी त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला लागले.

आम्हाला चौदावा अंक मिळाला, त्यापुढचा मिळाला नाही. लढाई संपली. मिलिटरीच्या गाड्या उलट्या दिशेने, घाट उतरून, मुंबईच्या बंदराकडे जायला लागल्या, आणि उतरणाऱ्या सोल्जरांना घरी जायची इतकी घाई होती की ते काही फेकतही नव्हते. यांनी विचारायचं कबूल केलं होतं तसं दोनदा विचारलं. एकदा शिवी मिळाली. ती मालिका कशी संपली ते मला आजही माहीत नाही.

नर्सबाईंचा भाऊ परत आला. लढाई संपल्यावर काही महिन्यांनी मद्रासच्या हॉस्पिटलातून त्याचं कार्ड आलं, आणि मागोमाग तो. एका पायाने लंगडत, खाली मान घालून. नर्सबाईंनी त्या दिवशी दवाखाना बंद ठेवला. पेढे वाटले. पण तो खालापूरला जायचं नाव काढेना. आज जाऊ, उद्या जाऊ. कर्जतहून खोपोलीची गाडी, पुढे थोडी वाट, एवढंच अंतर. नऊ दिवस तो बहिणीच्या क्वार्टरमध्ये भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. नर्सबाई आमच्याकडे येऊन रागाने म्हणाल्या, "तिकडे म्हातारी रोज जास्तीचा भात टाकते आणि हा इथे पडून राहतो. निरोप पाठवते म्हटलं तर म्हणतो, पाठवू नकोस."

नवव्या दिवशी काकू उठल्या. स्वतः त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "उद्या सकाळच्या खोपोलीच्या गाडीला तयार राहा रे. मी येते आहे सोबत." नर्सबाईंना रजा नव्हती, म्हणून काकूंबरोबर मी गेले.

खोपोलीहून टांगा केला. खालापूरला तळ्याच्या अलीकडे टांगा थांबवून तो उतरला आणि तिथेच उभा राहिला. काकूंनी घाई केली नाही. मला मात्र त्याला धरून ओढावंसं वाटत होतं. शेवटी तो चालायला लागला.

म्हातारी अंगणात तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं. सूप खाली ठेवलं नाही. "पाय धू आधी," ती म्हणाली.

तो पायरीवर बसला. मिलिटरीचे बूट होते, नाड्यांच्या गाठी घट्ट बसलेल्या. त्याला त्या सुटेनात. बोटं नुसती गाठीवरून फिरत होती. म्हातारी उठली, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि एकेक गाठ नखाने सोडवायला लागली.

काकूंनी माझा हात धरला आणि आम्ही न सांगता मागे वळलो. तळ्यापर्यंत आल्यावर त्या म्हणाल्या, "नऊ दिवस का राहिला गं तो आपल्याकडे?"

"कुणास ठाऊक," मी म्हणाले.

"विचारायला हवं होतं."

पण त्याला कुणीच कधी विचारलं नाही. तो आईजवळच राहिला. पुढे गावातच औषधांचं लहानसं दुकान घातलं. नर्सबाईंची बदली झाली, नंतर आमचीही. त्याआधी मी इंग्रजी पाचवीची परीक्षा दिली. दोन विषयांत नापास झाले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसले.